तिखाडीचे दोन माथे

नोकरीतून मी निवृत्त झाले, पण माझं नाक अजून निवृत्त व्हायला तयार नाही. परवा बाजारात कोथिंबिरीची जुडी उचलली, सवयीनं एक पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. भाजीवाली वैतागली. "घ्यायची तर घ्या बाई, नुसतं हुंगून काय राहिल्या," म्हणाली. तिला कसं सांगू, की नांदेडच्या एका कॉलेजात मी उभी हयात वास मोजायची नोकरी केली आणि त्याचा पगारही घेतला.

वास मोजायचा म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही, तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते. आमच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र होतं, आम्ही त्याला जीसी म्हणायचो. बाहेरून बघाल तर एक पेटी. आत केसासारखी बारीक आणि लांबच लांब नळी वेटोळं घालून बसलेली. तेलाचा थेंब सुईनं आत सोडायचा. त्याची वाफ होते आणि ती वायूच्या झोताबरोबर नळीतून पळू लागते. आपल्याला जो एक वास वाटतो तो खरं तर पुष्कळ पदार्थांचा जमाव असतो. जत्रा सुटल्यावर बोळातून माणसं निघतात, तरणी आधी आणि म्हातारी मागून, तसे हे पदार्थ आपापल्या चालीनं दुसऱ्या टोकाला पोचतात. एकेक बाहेर पडला की पडद्यावरची रेघ वर उसळते आणि पुन्हा खाली येते. कुणाचं शिखर कुठे उठलं आणि केवढं उठलं, यावरून तेलात कोण कोण आहे ते कळतं. सुई, थेंब आणि रेघ, एवढाच माझा संसार. शिवाय यंत्र रुसलं की त्याची मनधरणी करणं.

कॉलेजात असं यंत्र आहे म्हटल्यावर गावात बभ्रा व्हायचा. एक गृहस्थ मधाची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, एवढं लिहून द्या की हा मध खरा आहे. मी म्हटलं, तपासून बघू, तर बाटली उचलून चालते झाले. एक बाई शेजारणीची तक्रार घेऊन आल्या. शेजारीण म्हणे ओव्यावरून चढाओढ करते, दोघींचा ओवा यंत्रावर चढवा आणि कुणाचा तिखट ते एकदाचं सांगा. मी चढवला. यांचाच तिखट निघाला. नंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं असं ऐकलं, त्यात यंत्राचा दोष नाही.

पण मला सांगायचं आहे ते शिवलीलाचं.

शिवलीला उदगीरची. वडिलांचं तिथे डाळी-कडधान्यांचं दुकान. घराणं शिवभक्त, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढल्याशिवाय गल्ल्यावर न बसणारं. ही एकुलती एक लेक. वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करायला नांदेडला आली तेव्हा वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एकच अट घातली होती. दरवर्षी विद्यार्थ्यांचं काम तपासायला सर लोकांची समिती बसते. त्या समितीनं ज्या दिवशी सांगितलं की ह्यात काही नाही, त्या दिवशी मुकाट्यानं उदगीरला यायचं आणि दुकान सांभाळायचं. अप्पांचे गुडघे गेले होते, त्यांनाही दुसरं कोण होतं? वाईट माणूस मुळीच नव्हे. फक्त गवतात काय बघायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

गवत म्हणजे तिखाडी. आपल्या माळांवर पुरुषभर उंच वाढतं, पान चोळलं की गुलाबाची आठवण येते. त्याच्या तेलाला रोशा तेल म्हणतात, अत्तरवाले आणि साबणवाले ते घेतात. कोरड्या उतारावरच्या तिखाडीचा वास गोड आणि सखल, ओलसर जागेतल्या तिखाडीचा उग्र, हे त्या धंद्यातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांना तेवढं पुरतं. शिवलीलाला पुरेना. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा टेबलाच्या कडेवर बसून, हातवारे करत, तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मी चहा प्यायला विसरले.

तिचं म्हणणं असं. गवताला पाय नाहीत. किडा आला, बुरशी आली, ऊन तापलं, तरी त्याला पळता येत नाही. मग ते जागच्या जागी लढतं, आणि लढतं ते रसायनांनी. आपण ज्याला वास म्हणतो ते त्याचं हत्यार. आता डोंगराच्या पायथ्याला ओल, म्हणून किडे आणि बुरशी. माथ्यावर ऊन, वारा, बोटभर माती. शत्रू वेगळे, तर हत्यारंही वेगळी लागणार. माथ्यावर ज्या रोपाचं हत्यार चाललं ते जगलं, त्याचंच बी पडलं. असं पिढ्यानपिढ्या चाललं तर उंचीच गवताचं रसायन घडवत नेते. मग दोन डोंगर घ्या, एकमेकांपासून लांबचे, ज्यांच्या गवतांची गाठ कधी पडलेली नाही. दोन्ही माथ्यांवरचं गवत स्वतंत्रपणे एकाच वासाशी येऊन पोचतं का?

तिच्या गाईडसरांना हे काही झेपलं नाही. ते म्हणाले, मराठवाड्यात कसली आली उंची? असले प्रश्न हिमालयात विचारायचे. खरं सांगायचं तर आमच्या टेकड्याही तशाच आहेत, शेळ्यांमागे गेलेली म्हातारी गप्पा मारत माथा गाठते. पण गवताला हिमालय माहीत नसतो, हे शिवलीलाचं उत्तर मला जाम आवडलं. त्या दिवसापासून ती माझीच कारटी झाली.

तिनं दोन जागा निवडल्या. एक लातूर जिल्ह्यात, रेणापूरच्या बाजूचा काळ्या खडकाचा डोंगर. दुसरी आमच्या जिल्ह्यात, बिलोलीकडची लालसर खडकाची टेकडी. तिथे तिच्या मामांचं शेत. खडक वेगळा, माती वेगळी, मधे लांबचा रस्ता. दोन्हीकडे माथ्यावरचं एक पोतं आणि पायथ्याचं एक पोतं गवत आणायचं, तेल काढायचं आणि माझ्याकडे द्यायचं. रेणापूरला ती स्वतः गेली, विळा घेऊन, हाताला फोड येईपर्यंत. बिलोलीच्या वेळी तापानं फणफणली. गवत फुलोऱ्यात होतं, थांबणं शक्य नव्हतं. मग तिनं मामांना फोन केला, की वरचं एक पोतं आणि खालचं एक पोतं, वेगवेगळं बांधून एसटीत टाकून द्या. मामांनी पोत्यांवर कोळशानं 'वरचं' आणि 'खालचं' असं ठसठशीत लिहून पाठवलं.

रेणापूरची तेलं मी आधी चढवली. पायथ्याच्या रेघेत शिखरांची दाटी, जो तो दुसऱ्याच्या खांद्यावर. माथ्याच्या रेघेत मात्र गुलाबाच्या वासाचं एकच शिखर असं उसळलं की पडद्याच्या बाहेर जातंय की काय. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले.

मग बिलोली. पायथ्याचं तेल, तीच दाटी. माथ्याचं तेल, पुन्हा तीच दाटी. मी दोन्ही रेघांचे छापील कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, तर रेघेवर रेघ. शिवलीलाचा चेहरा उतरला. मी तिलाच झापलं, की बाटल्या एकमेकांत मिसळल्या असतील. राखून ठेवलेलं तेल पुन्हा चढवलं. पुन्हा तेच. गाईडसर आले, कागद बघितले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की निसर्गानं उत्तर दिलंय, ते ऐकायला शिका. रेणापूरचा तो योगायोग. समिती येत्या आठवड्यात बसणार होती. संध्याकाळी मी हॉस्टेलवर गेले तर ही पोरगी पुस्तकं खोक्यात भरत होती आणि अप्पांना फोन करून झाला होता. अप्पा टेम्पो घेऊन येणार होते.

मला इतका राग आला की विचारू नका. गाईडवर, समितीवर, तिच्यावरही. पण त्या रागाच्या तळाशी एक गोष्ट सलत होती. दोन रेघा जरा जास्तच सारख्या होत्या. एकाच शेताच्या दोन टोकांनाही थोडा फरक पडतो. माथा आणि पायथा इतके सारखे? छे! मी तिला म्हटलं, खोकी राहू दे तशीच, उद्या बिलोलीची गाडी धरायची.

मामांचं नाव बसवंत. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, माणूस अगदी मायाळू. आम्हाला आधी पोटभर जेवू घातलं, मग म्हणाले, चला, वरलं गवत दावतो. निघालो. नदीच्या काठानं चालतोय, चालतोय. टेकडी डाव्या हाताला राहिली आणि मागे पडू लागली. मी पायांना चढाची तयारी करून ठेवलेली, पण जमीन आपली सपाट. शेवटी मला राहवलं नाही.

"मामा, चढ कधी यायचा?"

मामा थांबले. "चढ कशाला ताई? वरलंच तर बघून राहिलो आपण." त्यांनी हात केला तो मांजरा नदी जिकडून येते तिकडे. "पाणी येतंय ते वर, जातंय ते खाल. हितून कापलं वरलं पोतं, आन् वाहत्या अंगाला कापलं ते खाललं."

शिवलीला आधी नदीकडे आणि मग टेकडीकडे बघू लागली. नदीकाठच्या माणसाचं वर आणि खाली पाण्यानं ठरतं, उंचीनं नाही! उदगीरच्या पोरीला हे कुठून सुचणार, आणि मामांना तरी का शंका यावी? ती टेकडीकडे बोट करून म्हणाली, मला ते वरचं पाहिजे होतं हो मामा. मामांनी टेकडीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं.

"ते व्हय? तो तर गुट्टा हाय. गुट्ट्यावरचं म्हणायचं की मग."

तेलंगणाच्या सीमेवर टेकडीला गुट्टा म्हणतात. एका शब्दापायी पोरीचं सामान बांधायची वेळ आली होती. आधी मी हसले, मग मामा हसले, आणि शिवलीला हसता हसता रडली. मग आम्ही तिघं तो गुट्टा चढलो. पन्नाशी उलटलेली मी, एका हातात चप्पल आणि एका हातात पिशवी. माथ्यावर वारा असा की पदर ठरेना. लाल खडकांच्या फटीफटीतून तिखाडी उभी होती, खालच्यापेक्षा बुटकी, काडी चिवट. मी एक पान तोडलं, चोळलं आणि नाकाशी नेलं.

काय सांगू तुम्हाला! रेणापूर! डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी रेणापूरच्या डोंगरावर उभी आहे. मी पान शिवलीलाच्या नाकाशी धरलं. तिनं माझा दंड आवळून धरला. मामांनीही वास घेतला आणि म्हणाले की जनम गेला हितं, पण ह्याचा वास कधी घ्यावा वाटला न्हाई. परत येताना एसटीत पोतं आमच्या मांडीवर. कंडक्टरनं टपावर टाका म्हणून सांगितलं, तर शिवलीलानं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे निघून गेला.

नाक मात्र पुराव्यात धरत नाहीत. तेल काढून चढवलं. रेघ सपाट सरकत राहिली, सरकत राहिली, आणि ठरल्या जागी उसळली. बिलोलीच्या माथ्याचा कागद मी रेणापूरच्या माथ्यावर ठेवला. दोघं सख्खे भाऊ. बिलोलीचा माथा आपल्याच पायथ्याला ओळख दाखवत नव्हता आणि एवढ्या लांबच्या रेणापूरच्या माथ्याला मिठी मारत होता. आम्ही दोघींनी प्रयोगशाळेत काय धिंगाणा घातला ते छापण्यासारखं नाही.

समितीत गाईडसरांनी कागद बराच वेळ पाहिले. मग एक शंका काढली, आणि ती खरोखर चांगली होती, हे मला रागातसुद्धा मान्य करावं लागलं. ते म्हणाले, हा जागेचा परिणाम असेल. डोंगरावर कुणीही गेलं तरी रापतंच. त्याच गवताला खाली आणा, ते खालच्यासारखं होईल. मग घडलं बिडलं काही नाही, नुसती हवा बदलली. समितीनं तिला एक पावसाळा दिला.

अप्पा टेम्पो घेऊन आलेच होते. रिकामा टेम्पो फाटकाबाहेर उभा करून ते आवारात बाकावर बसले, आणि शिवलीलानं त्यांना अजून एक पावसाळा मागितला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गुडघे ऐकत न्हाईत आता. एवढा एक पावसाळा." मी मान हलवली, पण मलाही पुढचं काही माहीत नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेमागे, स्कूटर लावायच्या जागेला लागून, थोडी मोकळी जमीन होती. चारही ठिकाणच्या तिखाडीचे ठोंब शिवलीलानं तिथे लावले. एकच माती, एकच पाणी, एकच ऊन, आणि सगळ्यांवर सारखाच पेट्रोलचा वास. शिपायाला तण आणि तिखाडी यातला फरक शिकवणं हे स्वतंत्र प्रकरण होतं. जुनी पानं छाटून टाकली, म्हणजे जे काही वाढेल ते नांदेडातच वाढलेलं असावं. पावसाळाभर ती रोज सकाळी त्या वाफ्यांपाशी जाऊन उभी राहायची. पान मात्र चोळायची नाही. म्हणायची, ताई, भीती वाटते.

फुलोरा आला, गवत कापलं, तेल काढलं. त्या दिवशी तिनं सुई स्वतः धरली. मी तिच्या मागे उभी. पायथ्याच्या गवतांनी आपली दाटी दाखवली, ते ठीकच. मग माथ्याचं तेल. रेघ चालली. मला आठवतं, बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तो किकवर किक मारत होता.

शिखर उठलं. डोंगरावर होतं तितकं उंच नाही, थोडं मवाळलेलं, पण त्याच जागी, तसंच एकटं. दुसऱ्या माथ्याचंही तसंच. डोंगर सोडून ते गवत स्कूटरींच्या शेजारी येऊन राहिलं, तरी त्यानं आपला वास सोडला नव्हता. काही भाग हवेचा होता, सरांची शंका तेवढी खरी. पण उरलेलं त्याच्या बियात होतं, रक्तात म्हणा हवं तर. आपल्या त्या ठेंगण्या टेकड्यांनी कुणाला न सांगता, कोण जाणे किती पिढ्या बसून, हे घडवलं होतं. मी आयुष्यात हजारो रेघा पाहिल्या. अंगावर काटा आणणारी ती एकच.

गाईडसरांनी कागद हातात घेतला आणि शिवलीलाला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याला खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती. समितीनं काम पुढे चालू ठेवायला सांगितलं. आज ती दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत आहे आणि खराखुरा मोठा डोंगर चढते. तिच्या प्रबंधात माझे आभार आहेत, आडनाव चुकलंय.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या बिलोलीच्या गुट्ट्यावर आता खडी फोडायचं यंत्र बसलंय. मामा फोनवर सांगत होते की अर्धा माथा गेला. ती तिखाडी घडायला जो काळ लागला, त्याच्यापुढे हे यंत्र म्हणजे डोळ्याचं पातं लवावं तसं. आमच्या आवारातले ठोंब मी रिटायर होताना शिपायाच्या हवाली केले. तो म्हणतो जिवंत आहेत, मी अधूनमधून जाऊन खात्री करते.

आणि अप्पा. समितीनं होकार दिला त्या दिवशी शिवलीलानं त्यांना फोन केला तेव्हा मी शेजारी होते. ते म्हणाले की दुकानाचं मी बघतो, भावाच्या मुलाला बसवतो, तू तुझं बघ. फोन ठेवता ठेवता विचारलं, तो कागद एक मिळल का? आम्ही शेवटच्या रेघेची एक प्रत काढून पाठवली.

गेल्या वर्षी एका लग्नाला उदगीरला गेले होते, तेव्हा मुद्दाम दुकान शोधून काढलं. अप्पा गल्ल्यावर होते, थकलेले, गुडघ्यावर शाल. मागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी तो कागद चौकटीत लावलेला, काचेवर विभूतीचे पट्टे. एक शेतकरी डाळ घ्यायला आला होता. त्याची नजर त्या उंच उसळलेल्या रेघेवर गेली आणि त्यानं काळजीनं विचारलं, "अप्पा, तुरीचा भाव एवढा कधी चढला?"

अप्पांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "तूर न्हाई ती," म्हणाले. "आमची पोरगी हाय." आणि त्यांनी तराजूत डाळ टाकली.